नागपूरचं निदान, अधारतालचा पत्ता

आमच्या घरात आजारी पडणं म्हणजे नागपूरला जाणं. दाढ दुखली तरी नागपूर, चष्म्याचा नंबर वाढला तरी नागपूर. सकाळची बस धरायची, सिवनीला उतरून पोहे खायचे आणि दुपारी डॉक्टरच्या दारात जाऊन बसायचं. मी मूळची नागपूरची. लग्न होऊन जबलपूरला, अधारतालला आले तेव्हा मला ह्याचं फार कौतुक वाटलं. सासरच्या लोकांना माझ्या माहेराची केवढी ओढ! वर्षभरात कळलं की माझ्या माहेराचा ह्याच्याशी काही संबंध नव्हता. माझ्या सासऱ्यांना जबलपूरच्या डॉक्टरांचं तोंड बघायचं नव्हतं.

सासऱ्यांना घरात सगळे बाबूजी म्हणत. वर्ध्याकडच्या एका खेड्यातले. विजेच्या खात्यात कारकून म्हणून जबलपूरला आले तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होती, आणि राजधानी नागपूर होती. बाबूजी इथे जरा स्थिरावतात न स्थिरावतात तोच राज्यांची फेररचना झाली आणि नागपूर पलीकडे गेलं. "मी गाव सोडून कुठं गेलोच नाही. गावच उठून गेलं," असं ते पाहुण्यांना सांगत आणि पाहुणे हसत. कोणी विचारलं, आप लोग कहाँ के, तर अर्धशतक इथे काढूनही त्यांचं उत्तर ठरलेलं होतं: "नागपुर साइड के." माझ्या नवऱ्याचा जन्म जबलपूरचा, त्याचं मराठी निम्मं हिंदीत बुडालेलं, पण उत्तर तेच. आणि आमची लेक बोलायला लागली तेव्हा तिलाही ते शिकवून झालं होतं.

डॉक्टरांवरचा राग मात्र वेगळा होता. बाबूजींची पहिली मुलगी, माझ्या नवऱ्याच्या आधीची, चार वर्षांची असताना इथे गेली. इथल्या मेडिकल कॉलेजातल्या कुणा डॉक्टरनं तापाचं औषध दिलं, ताप हटला नाही, आणि नागपूरला न्यायचं ठरेपर्यंत उशीर झाला. हे मला सासूबाईंनी एकदा भाजी निवडताना सांगितलं होतं, तेवढंच. बाबूजी त्या मुलीचं नावही काढत नसत. सासूबाई गेल्यावर घरात तो विषय काढणारं कोणी उरलंच नाही.

तर आमची लेक जन्मली नागपूरला, कारण पहिलं बाळंतपण माहेरी. तिला लशी टोचल्या नागपूरला, कारण बाबूजींचा इथल्या सुईवरही भरवसा नव्हता. ती पहिलीत गेली त्या वर्षी तिचा सारखा घोळणा फुटायला लागला. चालताना दमायची. हातपाय काडीसारखे आणि पोट मात्र फ्रॉकमध्ये मावेना. शेजारच्या भाभी म्हणाल्या, जंत असतील. मीही तेच म्हणत होते. बाबूजींनी तिचं पोट एकदा हातानं चाचपलं आणि संध्याकाळी नागपूरची तिकिटं काढून आले. मी म्हटलं, शाळेच्या परीक्षा चालू आहेत, पुढच्या आठवड्यात जाऊ. ते माझ्यावर पहिल्यांदा ओरडले.

नागपूरच्या दवाखान्यात खिडकीवरच्या माणसानं पत्ता विचारला. बाबूजी पुढे होऊन म्हणाले, "हिच्या भावाचा पत्ता लिहा. इथलाच आहे." मला म्हणाले, बाहेरगावचं म्हटलं की लांबवतात, आणि रिपोर्टची पत्रंही तुझ्या भावाकडे लवकर येतील. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. जबलपूरच्या मराठी घरांत हे सगळेच करत. नागपुरात ज्याचा मामा, ज्याची आत्या, त्याचा तो पत्ता. आम्ही सगळे कागदावर कुणाच्या ना कुणाच्या घरी राहत होतो.

तपासण्या खूप झाल्या. रक्ताचे नमुने मुंबईला गेले. शेवटी डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं की हिच्या शरीरात एक एन्झाइम तयारच होत नाही. त्यामुळे चरबीसारखा एक पदार्थ साठत जातो, पोटातली पाणथरी वाढते, रक्त कमी होतं, पुढे हाडं ठिसूळ होतात. आजार जन्मापासूनचा आणि फार क्वचित होणारा. औषध आहे. ते एन्झाइम बाहेरून शिरेवाटे द्यायचं, दर पंधरा दिवसांनी, जन्मभर. दिलं तर पोर चारचौघांसारखी वाढेल. नाही दिलं तर, असं म्हणून त्यांनी वाक्य सोडून दिलं. मग किंमत सांगितली. अधारतालचं घर विकलं असतं तर एका वर्षाचं औषध जेमतेम आलं असतं, आणि दुसऱ्या वर्षी विकायला घर नसतं.

मी शाळेत गणित शिकवते. हे गणित सुटणारं नाही हे मला तिथेच कळलं होतं. पण मला भांडता येतं, आणि मी ठरवलं की भांडायचं.

पहिलं भांडण विम्याशी. नवरा एका खासगी कारखान्यात नोकरीला होता आणि कारखान्यानं सगळ्यांचा कुटुंबासकट विमा काढला होता. विम्याचं ऑफिस जबलपुरातल्याच गोरखपूर भागातल्या बाजारात, एका साड्यांच्या दुकानाच्या वर. तिथला माणूस सभ्य होता, पाणी विचारलं, फाइल उलटीसुलटी बघितली आणि म्हणाला, "मैडम, ये तो जन्मजात है. जन्मजात इसमें कवर नहीं होता."

"तो क्या पैदा होने से पहले पॉलिसी लेनी थी?" मी विचारलं.

"वैसे भी नहीं मिलती, मैडम," तो म्हणाला. अगदी प्रामाणिकपणे.

शिवाय दुसरी अडचण होती. विमा दवाखान्यात भरती झालेल्या माणसाचा. हे औषध काही तासांत देऊन होतं आणि पोर संध्याकाळी घरी येते. म्हणजे भरती नाही, म्हणजे दावा नाही. मी म्हटलं, मग रात्रभर ठेवून घेऊ. तो म्हणाला, ठेवा, खाटेचे पैसे कदाचित मिळतील, औषधाचे नाही. नवरा बाजूला बसून "चलो, देखते हैं" म्हणत होता. माझा नवरा भूकंपातही चलो देखते हैं म्हणेल. मी तीन ठिकाणी तक्रारी केल्या, कारखान्याच्या साहेबांना भेटले, आणि शेवटी मुंबईच्या तपासण्यांचे थोडेसे पैसे हातात आले. त्या दिवशी मी बाजारातून घरी येईपर्यंत रिक्षात रडत होते. रिक्षावाल्या भैयांनी पैसे घेताना विचारलं, दीदी, कोई गुजर गया क्या. मी नाही म्हटलं आणि मग मला भयंकर राग आला, कुणाचा ते कळेना.

औषध बनवणारी कंपनी काही मुलांना ते फुकट देते असं कळलं. अर्ज केला. उत्तर आलं की नाव यादीत घेतलं आहे, वाट बघा. मग राहिलं सरकार. नागपूरच्या डॉक्टरांनी स्वतः खटपट करून तिथल्या सरकारी मदतीसाठी फाइल पाठवली. ती परत आली. मुलीचे आईवडील महाराष्ट्राचे रहिवासी असल्याचा पुरावा जोडा.

तो कुठून आणणार? आमचं रेशन कार्ड इथलं, मतदान इथलं, वीजबिल इथलं.

तेव्हा माझ्या भावानं फोन केला. म्हणाला, "ताई, तिचं नाव आमच्या रेशन कार्डात टाकू. दत्तक घेतल्याचं दाखवू. माझ्या ओळखीचा एक जण आहे, करून देईल." भाऊ मनापासून म्हणत होता. त्यानं आणि वहिनीनं रात्रभर विचार करून हे ठरवलं होतं, आणि त्याबद्दल मी त्याचे पाय धरायला तयार आहे. पण मी नाही म्हटलं.

जेवताना हे घरात सांगितलं तर बाबूजी खूश झाले. "चलो, झालं काम! नाही काहून म्हणून राहिली तू?"

"माझी पोर आहे," मी म्हटलं.

"कागदावरच तर जाऊन राहिली ती. कागदानं काय नातं बदलते?"

"मग कागदावर राज्य बदललं तेव्हा तुम्हाला काहून इतकं लागलं, बाबूजी?"

त्यांच्या हातातली पोळी तशीच राहिली. नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. बाबूजी उठले, हात धुतले आणि गॅलरीत जाऊन बसले. मला वाईट वाटलं नाही, खरं सांगते. पकडले गेलो तर मदत जाईल, वर गुन्हा होईल, हे कारण होतंच. पण खरं कारण ते नव्हतं. आजारानं माझ्या लेकीचं पोट, तिची हाडं, तिचं खेळणं घेतलं होतं. तिला माझ्या नावावरूनही मी जाऊ देणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी शाळेतून अर्धी सुटी घेतली आणि लेकीला घेऊन इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजात गेले. जबलपुरात त्याला नुसतं मेडिकल म्हणतात. लग्नानंतर इतक्या वर्षांत मी त्या फाटकाच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. रांग लांब होती. मुलांच्या विभागात एक डॉक्टर होत्या, माझ्यापेक्षा लहान, केसांना रबर, टेबलावर डबा उघडा. त्यांनी नागपूरची फाइल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. डबा तसाच राहिला.

"बहुत अच्छा काम किया है नागपुर वालों ने," त्या म्हणाल्या. "पर आप लोग इतने दिन थे कहाँ?"

मी म्हटलं, नागपूरच्या बसमध्ये. त्या हसल्या. मग त्यांनी समजावून सांगितलं की अशा आजारासाठी मदत मिळते, पण मुलगी ज्या राज्यातली, तिथल्या सरकारी डॉक्टरांनी तिला तपासून, आपल्याकडे उपचारात घेऊन फाइल पुढे पाठवावी लागते. त्यांनी लेकीला तपासलं, काही तपासण्या पुन्हा केल्या, आणि काही दिवसांनी रिपोर्ट नागपूरसारखाच आला. घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा बाबूजी पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं. "त्यांनी पण तेच सांगितलं?" एवढंच विचारलं.

"तेच सांगितलं."

ते पुन्हा पेपरात शिरले. पण त्यानंतर दर वेळी मी मेडिकलला निघाले की लेकीसाठी पाण्याची बाटली भरून दाराशी ठेवलेली असायची.

फाइल तयार झाली आणि सिविल लाइन्समधल्या सरकारी ऑफिसात अडली. तिथे एका समितीपुढे आम्हाला बोलावणं आलं. जुना बंगला, उंच छत, खाली एक मोठं टेबल. मधोमध साहेब, बाजूला दोघं, आणि आमच्या डॉक्टर. त्या दिवशी घरून आम्ही तिघं निघणार होतो. बाबूजी कोट घालून दारात उभे. ऐंशीच्या पुढचा माणूस, उन्हाळ्याचे दिवस, आणि कोट. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. नवरा म्हणाला, "बाबूजी, तुम्ही काहून?" ते म्हणाले, "माझी नात आहे." मग चौघं गेलो.

साहेबांनी चष्मा लावून फाइल वाचली. "जन्म नागपुर. टीके नागपुर. इलाज नागपुर. पता नागपुर." त्यांनी वर बघितलं. "मैडम, इसमें जबलपुर कहाँ है?"

मी शाळेचा दाखला पुढे केला. समग्र आयडी पुढे केला. मध्य प्रदेशात प्रत्येक कुटुंबाला तो काढावा लागतो आणि शाळेनं हट्ट धरला म्हणून आम्ही लेकीचं नाव त्यात घातलं होतं, नाहीतर तेही राहिलं असतं. साहेब म्हणाले, "ये तो लोग आकर बनवा लेते हैं. जहाँ मदद मिले, वहाँ के हो जाते हैं. बच्ची तो महाराष्ट्र की दिख रही है."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणून मला जास्त संताप आला. तिकडे म्हणत होते इकडची, इकडे म्हणत होते तिकडची. लेक खुर्चीवर पाय हलवत बसली होती. मी तोंड उघडणार एवढ्यात मागच्या बाकावरून बाबूजी उठले आणि टेबलापर्यंत आले.

"आप?" साहेबांनी विचारलं.

"दादा हूँ इसका."

"अच्छा. आप कहाँ के हैं, बाबूजी?"

ह्या प्रश्नाचं त्यांचं उत्तर मला पाठ होतं, घरातल्या सगळ्यांना पाठ होतं. ते उत्तर ह्या खोलीत आलं असतं तर फाइल तिथेच मिटली असती. नवऱ्यानं माझा हात घट्ट धरला. बाबूजींनी एका रिकाम्या खुर्चीच्या पाठीला धरलं.

"साहब, मेरी एक बच्ची थी," ते म्हणाले. "चार साल की. उसको मैंने अपने हाथ से यहीं ग्वारीघाट पर नर्मदाजी को दिया है. पचास साल से ऊपर हो गए. आदमी इससे ज़्यादा और कितना यहाँ का होता है, आप बता दो."

पंखा फिरत होता. मग आमच्या डॉक्टरांनी हळूच विचारलं, "क्या हुआ था उसको?"

"बुखार बोले थे. पर पेट बढ़ गया था उसका. नाक से खून आता था." त्यांनी लेकीकडे बघितलं नाही, टेबलाकडे बघत बोलत होते. "ऐसा ही. हूबहू."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मी बाबूजींकडे बघत राहिले. म्हणजे ज्या दिवशी त्यांनी लेकीचं पोट चाचपलं होतं त्या दिवसापासून हा माणूस हे मनात घेऊन बसला होता. तिकिटं त्यासाठी काढली होती, ओरडले त्यासाठी होते. आणि आम्हाला एका शब्दानं सांगितलं नाही. मला एकाच वेळी त्यांचा राग आला आणि त्यांना धरून बसवावंसं वाटलं. मी खुर्ची पुढे ओढली. ते बसले.

डॉक्टर म्हणाल्या, इतक्या वर्षांनी तोच आजार होता असं ठामपणे सांगता येणार नाही, पण घराण्यात असू शकतो, आणि त्यांनी ते रिपोर्टात लिहून घेतलं. साहेबांनी चष्मा काढून पुसला. ते काही एकदम विरघळले नाहीत. म्हणाले, पार्षदांचं, म्हणजे नगरसेवकांचं, पत्र आणा, मोहल्ल्यातल्या दोन शेजाऱ्यांची लेखी साक्ष आणा, वीजबिलं आणा, आणि नागपूरच्या दवाखान्यातून पत्ता दुरुस्त करून आणा. मग पुढे पाठवतो. बाहेर पडताना त्यांनी बाबूजींना दारापर्यंत सोडलं.

घरी येताना टेम्पोत, अधारतालच्या वळणावर, बाबूजी त्या मुलीबद्दल एवढंच म्हणाले, "तिला गुळाचा शिरा आवडायचा." संध्याकाळी मी शिरा केला. त्यांनी खाल्ला, आणि लेकीनं त्यांच्या ताटलीतला खाल्ला.

साक्ष द्यायला जंतवाल्या भाभी सगळ्यात आधी आल्या. भावानं नागपूरचा पत्ता दुरुस्त करून आणला, आणि त्यासाठी तो दोनदा रजा टाकून दवाखान्यात जाऊन बसला. ज्या पत्त्यावर लेकीला कायमची घ्यायला तो निघाला होता तोच पुसायला तो गेला. फाइल भोपाळला गेली, शंका घेऊन परत आली, पुन्हा गेली. मधल्या काळात लेकीला दोनदा रक्त द्यावं लागलं. ते महिने मी कसे काढले ते मला नीट आठवत नाही आणि आठवायचंही नाही. मग एक दिवस डॉक्टरांचा फोन आला. मंजुरी एका वर्षाची होती. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा तपासणी. मी म्हटलं, करू. वर्षभर पोर खेळेल, मग पुन्हा भांडू.

पहिलं औषध मेडिकलच्या वॉर्डात द्यायचं होतं. बाबूजी आमच्या आधी तयार होऊन बसले होते. त्या फाटकातून ते मुलगी गेल्यानंतर पहिल्यांदा आत गेले असावेत. पायऱ्यांशी जरा थांबले, मग लेकीचं बोट धरून वर चढले. खाटेवर लेकीला निजवलं. औषधाची छोटीशी बाटली बर्फाच्या डब्यातून आली. इतकी लहान की मला हसू आलं, ह्याच्यासाठी एवढं सगळं. नर्सदीदींनी पंख्याखाली उभं राहून तक्ता भरायला घेतला. नाव विचारलं, लेकीनं सांगितलं. वय विचारलं, सांगितलं.

"कहाँ से हो बेटा?"

"नागपुर साइड के," लेक खणखणीत आवाजात म्हणाली.

बाबूजी स्टुलावरून असे उठले की स्टूल पडलं. "अधारताल!" ते ओरडले. अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला. "अधारताल, दीदी! जबलपुर! यहीं के हैं हम, यहीं के. बच्ची है, उसको क्या मालूम. मैंने ही गलत सिखाया."

नर्सदीदींनी हसत अधारताल लिहिलं, आणि थेंब सुरू केले.